स्टँड मोडत नाही, काच तडकते : चार फुटी फिश टँकचा लाकडी स्टँड

ज्यांना कानात इअरफोन घालून बसण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना मी जिथे जिथे 'म्हणजे काय' आणि 'ओके सो' म्हटलंय ते काढून टाकलंय. दोन हिशेब माइकवर नीट सांगता येत नव्हते, ते इथे सविस्तर लिहिलेत. बाकी जसंच्या तसं.

विषय आहे मोठ्या टँकखालचा स्टँड. मोठा म्हणजे चार बाय दोन बाय दोन फूट. आपल्याकडे दुकानदार काच कापून, सिलिकॉन लावून टँक तयार करून देतो, फिल्टर देतो, लाइट देतो आणि स्टँडचं विचारलं की म्हणतो, "कुठल्याही सुताराकडून करून घ्या." सुतारकाकांना विचारलं की ते म्हणतात, "ताई, हत्ती बसवा वर, काही होणार नाही." काकांचं म्हणणं खोटं नाही. हत्ती बसेलही. पण हत्ती थोडा कलला, एक पाय दोन मिलिमीटर खाली गेला, तर त्याला काही फरक पडत नाही. काचेला पडतो. या भागात मला एवढंच सांगायचंय की टँकच्या स्टँडचं काम वजन पेलणं हे नाहीच मुळी, वजन तर तो सहज पेलतो. त्याचं काम आहे न वाकणं, न डोलणं आणि वरून सपाट राहणं.

आधी वजन किती, ते बघू. ४ × २ × २ म्हणजे १६ घनफूट. एक घनफूट साधारण २८.३ लिटर, म्हणजे बाहेरच्या मापाने ४५३ लिटर. काचेची जाडी वजा करा, वरचा इंचभर मोकळा सोडा, तरी पाणी ४०० लिटरच्या आसपास राहतं. म्हणजे ४०० किलो. काच १२ मिलिमीटरची धरली तर पाच बाजूंचं क्षेत्रफळ जवळपास ३ चौरस मीटर. एक चौरस मीटर काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो, म्हणजे ९० किलोची नुसती काच. त्यात दोन इंच वाळू आणि दोन-चार दगड. वाळू जितकी जागा घेते तितकं पाणी कमी होतं हे धरूनही आपण ५५० किलोला पोचतो. स्टँडचं स्वतःचं लाकूड मिळवलं की जमिनीवर ६०० किलो. आणि हे वजन पाहुण्यांसारखं तासाभराने उठून जाणारं नाही. चोवीस तास, वर्षानुवर्षं एकाच जागी.

म्हणून स्टँडच्या आधी जमिनीबद्दल बोलायला हवं. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात, १९८७ सालच्या, राहत्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन इतका भार धरायला सांगितलाय. ढोबळमानाने २०० किलो. आपला टँक पाऊण चौरस मीटर जागेवर ६०० किलो ठेवतोय, म्हणजे दर चौरस मीटरला ८००. आकडा ऐकून घाबरू नका, कारण तो २०० चा आकडा सगळ्या खोलीभर पसरलेल्या भाराचा आहे. दहा बाय बाराच्या खोलीत तो दोन टनांच्या वर जातो. पण त्या दोन टनांतला पाव भाग एका कोपऱ्यात कायमचा ठेवताय, तर कोपरा विचारपूर्वक निवडायला नको का? आरसीसी इमारतीत कॉलमच्या जवळ, भिंतीला लागून आणि शक्यतो जिच्याखाली बीम आहे अशा भिंतीला लांब बाजू लावून. खोलीच्या मधोमध नको. बाल्कनी तर अजिबात नको, कारण बरेचदा ती एकाच बाजूने धरलेली असते, आणि तिथे तसंही ऊन येतं. पुण्यातल्या पेठांमधे जे अजून जुन्या वाड्यात राहतात आणि ज्यांची वरच्या मजल्याची जमीन लाकडी तुळयांवर आहे, त्यांनी टँक तळमजल्यावरच ठेवावा. इमारत जुनी असेल, स्लॅबला आधीच भेगा असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवा. त्याची फी टँकच्या लाइटपेक्षा जास्त नसते आणि लाइटवर आपण किती सहज पैसे टाकतो!

मी तिसऱ्या मजल्यावर राहते. आमच्या टँकच्या बरोबर खाली काकूंचा हॉल आहे आणि त्यांनी गेल्याच दिवाळीत पीओपी करून घेतलंय. ४०० लिटर म्हणजे वीस बिसलेरीचे मोठे जार. ते एकदम फरशीवर आले तर काय होईल, हे डोक्यात ठेवून पुढचं सगळं ऐका.

आता लाकूड. कॉलेजात मेकॅनिक्स शिकताना ज्यांनी झोपा काढल्या त्यांच्यासाठी सोपं करून सांगते. लाकूड उभं असताना, म्हणजे त्याच्या रेषांच्या दिशेने दाबलं तर फार ताकदवान असतं. चांगल्या वाळलेल्या साध्या पाइनलासुद्धा दर चौरस सेंटिमीटरला ५० किलो धरायला हरकत नाही, आणि हा आकडाही हात राखूनच धरलाय. ३ × २ इंची खांबाचा छेद साधारण ३७ चौरस सेंटिमीटर. गुणाकार करा, एकच आखूड खांब १८०० किलोच्या वर जातो. आपल्याकडे चार किंवा सहा खांब असणार. म्हणजे खांब मोडण्याची भीती मनातून काढून टाका.

गडबड आडव्या लाकडात आहे. समोरचं वरचं आडवं लाकूड चार फूट लांब, दोन टोकांना खांब, मधे काही नाही. त्याच्यावर अर्ध्या टँकचा भार, सोयीसाठी ३०० किलो धरू. ४ × २ इंची पाइन उभं ठेवलं, म्हणजे चार इंचांची बाजू उभी, तर ते मध्यभागी साधारण दीड मिलिमीटर वाकतं. तेच लाकूड आडवं पाडून ठेवलं, दोन इंचांची बाजू उभी, तर जवळपास सहा मिलिमीटर! लाकूड तेच, किंमत तीच, वाकणं चौपट. कारण वाकण्याला होणारा विरोध उंचीच्या घनाने वाढतो आणि रुंदीच्या फक्त साध्या पटीत. आणि हे झालं पहिल्या दिवसाचं. सतत भार राहिला की लाकूड महिनोन्‌महिने हळूहळू आणखी खाली बसत जातं, शेवटी दीड-दोन पटीपर्यंत. पुस्तकांच्या फळीला मधे आलेला झोळ घरोघरी दिसतो, तो हाच.

काचेचा तळ मात्र झोळ घेत नाही. तळाच्या मध्याखालचा आधार गेला की ताण काचेवर आणि सिलिकॉनच्या सांध्यांवर येतो. त्यातून कधीकधी काही महिन्यांनी, रात्री दोन वाजता आवाज येतो. लोक म्हणतात काच खराब होती. असेलही. पण आधी स्टँडवर दोरी ताणून बघा.

यावर उपाय दोन. एक, मधे आणखी एक खांब. अंतर निम्मं झालं की वाकणं निम्मं होत नाही, सोळाव्या भागावर येतं. दीड मिलिमीटरचं एक दशांश मिलिमीटर. इतका स्वस्त फायदा सुतारकामात दुसरा मला तरी माहीत नाही. दोन, ज्यांना खाली सम्प किंवा मोठा कॅनिस्टर फिल्टर ठेवायचाय आणि मधला खांब आड येतो, त्यांनी समोरचं आडवं लाकूड सहा इंच उंचीचं घ्यावं. त्याने वाकणं अर्ध्या मिलिमीटरच्या आत येतं. मी स्वतः मागे मधला खांब आणि पुढे सहा इंची लाकूड असं केलंय. पुढे-मागे वेगळं वाकेल का, असं काहींनी विचारलं होतं. फरक इतका बारीक आहे की मला तो चालतो. तुम्हाला नसेल चालत तर दोन्हीकडे खांब द्या आणि सम्प टँक ठेवण्याआधीच आत सरकवून घ्या.

आता या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. भार लाकडावरून लाकडावर उतरला पाहिजे, स्क्रूवरून नाही.

म्हणजे बघा, आपल्याकडे टेबल कसं करतात? खांब उभा करतात, त्याच्या बाजूला आडवी पट्टी लावतात आणि बाजूने चार स्क्रू मारतात. आता पट्टीवर वजन ठेवलं की ते कोणावर आलं? स्क्रूवर. अभ्यासाच्या टेबलाला ते चालतं. इथे प्रत्येक कोपऱ्यावर सव्वाशे-दीडशे किलो कायमचे आहेत, आणि फर्निचरला सर्रास वापरतात ते काळे जिप्समचे स्क्रू तर ठिसूळ असतात, वाकण्याआधीच तुटतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणून ज्याच्या नावाने मीटिंगा घेतो, तो इथे चार रुपयांचा स्क्रू असतो.

योग्य रचना अगदी साधी. खाली एक चौकट, वर एक चौकट आणि वरची चौकट थेट खांबांच्या डोक्यावर बसलेली. खांब खालच्या चौकटीवर उभे. वरून बघितलं तर काच, त्याखाली प्लाय, त्याखाली आडवं लाकूड, त्याखाली खांब, त्याखाली खालची चौकट, त्याखाली फरशी, सगळं एकाखाली एक. मनातल्या मनात सगळे स्क्रू काढून टाका. टँक तरीही उभा राहतोय ना? मग रचना बरोबर. स्क्रूचं काम फक्त लाकडांना जागेवर धरून ठेवणं. सुतार जुना, हाताचा पक्का असेल तर तो खांबाला खाच पाडून आडवं लाकूड त्यात बसवेल. ते अजून छान, कारण खाचेवर लाकूड टेकतं. काकांना 'लोड पाथ' वगैरे शब्द वापरून सांगायला जाऊ नका. "काका, वजन लाकडावर टेकलं पाहिजे, स्क्रूवर लटकायला नको," एवढं म्हटलं की त्यांना लगेच कळतं, आणि बहुतेक वेळा ते आपल्यापेक्षा चांगली खाच सुचवतात.

वरच्या चौकटीत दोन-तीन आडव्या पट्ट्या पुढून मागे द्यायच्या आणि त्यावर १८ मिलिमीटरचा प्लाय. सगळे खांब शिकंज्यात एकत्र धरून एकदमच कापून घ्या. एकेक मोजून कापले की प्रत्येकात केसभर फरक येतो, आणि मग टँक चारऐवजी तीन खांबांवर उभा राहतो.

लाकूड कुठलं? साग उत्तम, पण ५५० किलोसाठी साग लागतो असं नाही. वखारीत चांगलं वाळलेलं पाइन मिळतं. गाठी कमी आणि पीळ नसलेले तुकडे स्वतः निवडून घ्या. एक डोळा मिटून लांबीच्या दिशेने बघितलं की पीळ दिसतो. पुण्यात असाल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधे सकाळी जा, निवडू देतात. ओलं लाकूड घेऊ नका. ते घरात येऊन वाळतं आणि वाळताना पिळतं, तेही तुमच्या टँकखाली. प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असेल तर तो मरीन प्लाय. आयएस ३०३ वाल्यात बीडब्ल्यूआर घेतला तरी कोरड्या घरात चालेल, एमआर नको. आणि एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड तर बिलकुल नको. पाणी बदलताना चार थेंब सांडणारच, आणि ते बोर्ड एकदा फुगले की परत बसत नाहीत.

वाकण्याचं झालं, आता डोलण्याचं. चार खांब आणि दोन चौकटी यांना बाजूने ढकललं की आयताचा समांतरभुज चौकोन होतो. कितीही जाड लाकूड घ्या, नुसत्या कोपऱ्यांच्या जोरावर तो थांबत नाही. आणि ढकलणारे घरात भरपूर असतात. पळणारी मुलं, सोफा सरकवणारे आपण, कॅबिनेटच्या दाराला लोंबकळणारा भाचा. पश्चिम महाराष्ट्रात कोयनेकडचे छोटे धक्केही नवीन नाहीत. टँकमधलं पाणी एकदा हेलकावायला लागलं की ते स्वतःच स्टँडला ढकलतं.

याला उपाय मागच्या आणि दोन्ही बाजूंना १२ मिलिमीटरचा प्लाय, फेविकॉल मरीन लावून आणि दर सहा इंचांवर स्क्रू मारून. हा प्लाय शोभेचा नाही. तो चौकोनाला कलू देत नाही. म्हणून मागे पाइप काढायला मोठी खिडकी कापू नका, दोन-तीन गोल भोकं पुरतात. समोर दारं येतात, तिथे प्लाय देता येत नाही, तर आतून वरच्या दोन्ही कोपऱ्यांत त्रिकोणी तुकडे द्या. टँक अरुंद असेल, फूट-सव्वा फूटच रुंदीचा, तर स्टँड वरून भिंतीलाही पकडा.

काही मिस्त्री म्हणतील, लाकडी चौकट कशाला, पूर्ण १८ मिलिमीटर प्लायचा खोका करू. चालेल. खरंच चालेल. उभा प्लाय भार छान घेतो. फक्त वरची फळी बाजूच्या फळ्यांच्या डोक्यावर बसली पाहिजे, त्यांच्या मधे स्क्रूवर अडकवलेली नको, आणि मधे एक उभी फळी हवीच. आणि लोखंडी अँगल? सहा फुटांच्या वरच्या टँकला मीही लोखंडी चौकोनी पाइपच घेईन. पण चार फुटीला लाकडाचा एक मोठा फायदा आहे. वेल्डिंग करताना लोखंड ओढलं जाऊन चौकट पिळली तर घरी काही करता येत नाही. लाकूड मात्र रंध्याने उतरवता येतं.

सपाटीबद्दल जरा थांबून बोलते, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. लेव्हलमधे असणं वेगळं आणि सपाट असणं वेगळं. पूर्ण स्टँड एका बाजूला तीन मिलिमीटर कलला असेल तर पाण्याची रेघ तिरकी दिसते, डोळ्याला खुपते, पण काचेवर ताण फारसा येत नाही. चारातला एकच कोपरा तीन मिलिमीटर खाली असेल तर मात्र काच पिळली जाते, आणि ते धोक्याचं. गंमत म्हणजे स्पिरिट लेव्हल समोरच्या बाजूवर ठेवली तर ती सगळं छान आहे म्हणेल. म्हणून दोऱ्याची युक्ती करा. समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दोन दोरे ताणून फुली करा. मधे दोघे एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. मग वरचा दोरा खाली आणि खालचा वर करून परत बघा. मधे फट राहिली किंवा एकाने दुसऱ्याला दाबलं, तर पीळ आहे. चौकट काटकोनात आहे का हे बघायला कर्ण मोजा. ४८ × २४ इंचाला दोन्ही कर्ण ५३.६६ इंच आले पाहिजेत. साडेत्रेपन्नहून किंचित जास्त म्हणा, पण दोन्ही सारखे.

आपल्या फरशा बहुतेक घरांत कुठल्या ना कुठल्या दिशेला थोड्या उतरत्या असतात. तो उतार स्टँडच्या खाली पाचर मारून काढायचा. स्टँड आणि टँकच्या मधे काहीही सरकवायचं नाही, पुठ्ठा नाही, प्लायचा तुकडा नाही. तिथे फक्त अर्ध्या इंचाचा थर्माकोल किंवा फोमची अखंड शीट, पूर्ण तळाला. तीही वाळूचा एखादा खडा, प्लायचा बारीक उंचवटा यांच्यासाठी. थर्माकोलने पीळ झाकला जाईल अशी आशा ठेवू नका. बाहेरून आणलेल्या, प्लास्टिकची कड असलेल्या टँकचा तळ अधांतरी असतो आणि भार फक्त कडेवर असतो. त्यांना ही शीट लागत नाही. कंपनीच्या सूचना बघा.

रंगकामाबद्दल फार बोलत नाही, सनमायका लावा नाहीतर पीयू पॉलिश करा. पण दोन जागा सोडू नका. प्लायच्या कापलेल्या कडा, कारण पाणी तिथूनच शिरतं. आणि खालच्या चौकटीचा तळ. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, म्हणजे स्टँडचा तळ रोज ओला होतो आणि तो कोणाला दिसत नाही. जोडणी करायच्या आधीच तो भाग दोनदा रंगवून घ्या. दारांच्या भोवती तीन मिलिमीटर फट ठेवा, जुलैत लाकूड फुगतं. आत हवा खेळायला मागे जाळी द्या. विजेचा बोर्ड कॅबिनेटच्या तळात ठेवायचा नाही, आतल्या बाजूला उंचावर, आणि प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या टोकाला गळेल, सॉकेटमधे जाणार नाही.

पाणी एकदम भरू नका. पाव टँक भरा, तासभर थांबा, चारही बाजूंनी पाण्याची उंची मोजपट्टीने मोजा. फरक असेल तर पाणी काढा आणि पाचर बदला. भरलेल्या टँकखाली पाचर मारायला जायचं नाही, तिथे एका कोपऱ्यावर सगळा जोर येतो. मग अर्धा, मग पाऊण, मग पूर्ण. पूर्ण भरल्यावर समोरच्या आडव्या लाकडाखाली दोरा ताणून मध्याशी फट मोजा आणि आकडा आतल्या बाजूला पेन्सिलने तारखेसकट लिहून ठेवा. आठवड्याने परत मोजा, महिन्याने परत. आकडा थांबला असेल तर ठीक. वाढतच असेल तर मासे मित्राकडे पाठवून टँक रिकामा करा आणि मधे खांब द्या.

शेवटचा प्रश्न, जो सगळ्यात जास्त जणांनी विचारला : घरातल्या टीव्ही युनिटवर चालेल का? दोन फुटी, साठ-सत्तर लिटरचा टँक असेल आणि खालच्या उभ्या फळ्या बरोबर त्याच्या टोकांखाली येत असतील, तर बघता येईल. चार फुटीला नाही. ते युनिट बहुतेक पार्टिकल बोर्डचं असतं, वरची फळी बाजूंच्या मधे अडकवलेली असते आणि मागे तीन मिलिमीटरचा पुठ्ठ्यासारखा बोर्ड असतो. हात लावून हलवून बघा, टीव्ही डोलतो की नाही.